गुरूवरचा वारा आणि भिंतीवरचं घड्याळ

प्राध्यापकांचं ते पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तळपायाची आग मस्तकात गेली. हे गृहस्थ मुंबईत गुरू ग्रहाची निरीक्षणं जमवत. ठिकठिकाणची हौशी मंडळी त्यांना आपापल्या नोंदी पाठवत, त्यांत श्रीवर्धनहून मी. त्यांनी लिहिलं होतं, "आपल्या नोंदींतला ठिपका कधी पुढे उडी मारतो, कधी मागे. वारा असा वागत नाही. घरकामाच्या गडबडीत अशा चुका होणं स्वाभाविक आहे. पंधरा दिवसांत खुलासा न आल्यास आपल्या नोंदी वगळाव्या लागतील."

घरकामाची गडबड म्हणे! दोन महिने मी स्वयंपाक उरकून, दिवेलागणीनंतर खळ्यात दुर्बीण मांडून बसत होते. सुपाऱ्या वाळत घालायचं आमचं खळं. पोफळींच्या मधे तेवढंच आकाश मोकळं. दुर्बीण तीन इंची, पितळी, यांनी मुंबईच्या जुन्या बाजारातून आणलेली. लग्नाआधी मी मुलींच्या शाळेत गणित शिकवत असे. लग्नानंतर ते सुटलं, आणि गणित म्हणून माझ्यापाशी ही दुर्बीणच काय ती उरली होती. त्या नोंदी वगळल्या गेल्या असत्या तर मी तिला पुन्हा कधी डोळा लावला नसता. माझा स्वभाव मला ठाऊक आहे.

काम तसं सोपं होतं. गुरू दहा तासांच्या आत स्वतःभोवती फिरतो, आणि त्याच्या पट्ट्यांवर ढगांचे ठिपके असतात. ठिपका बिंबाच्या बरोबर मधोमध आला की वेळ टिपायची. वारा नसता तर पुढच्या खेपेला तो प्राध्यापकांनी पाठवलेल्या छापील पत्रकातल्या वेळेलाच मधोमध आला असता. आमचा ठिपका मधल्या पट्ट्यातला. तो दर फेरीला काही मिनिटं आधीच हजर व्हायचा. जितका आधी, तितका वारा जोराचा. एवढीच युक्ती.

डोळा काढला तर ठिपका चुकतो, म्हणून मी "आला!" असं ओरडायची आणि ओटीवरचा माणूस वेळ लिहायचा. हे घरी असले की हे लिहीत. पण यांची कचेरी म्हसळ्याला. आठवड्यातले चार दिवस हे तिकडे, आणि घरातलं एकुलतं मनगटी घड्याळही तिकडेच. त्या दिवसांत मामंजी लिहीत. माझे सासरे सत्तरीच्या पुढचे, पण सुनेने दुर्बिणीतून ग्रह बघावेत याचं त्यांना कोण कौतुक! माझी हाक आली की त्यांची पेन्सिल चाललीच.

पत्र आल्यावर मी आधी माझ्या डोळ्यांना दोष दिला. मग दुर्बिणीला. मग यांना, कारण त्या दिवशी हे घरी होते.

"अगं, मी रेडिओच्या ठोक्यांवर घड्याळ लावतो," हे म्हणाले.

"मग ठिपका काय झिंगून चालतो?"

हे पिशवी उचलून म्हसळ्याला निघून गेले. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली होती मी, पण ते नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून चौकटीचा कागद मागून आणला आणि सगळ्या नोंदी त्यावर मांडल्या. बऱ्याच खुणा एका तिरक्या रेषेवर नीट बसल्या. नऊ खुणा मात्र रेषेच्या खाली पडल्या, आणि त्या नऊही रेषेपासून सारख्याच अंतरावर. डोळ्याची चूक असती तर खुणा वेड्यावाकड्या पडल्या असत्या. अंतर मोजलं. एकोणचाळीस मिनिटं. मूळ कागद काढले. नऊच्या नऊ नोंदी मामंजींच्या वळणदार अक्षरात!

एकोणचाळीस हा आकडा आमच्या घरात पाढ्यासारखा पाठ होता. जुना मुंबई टाइम स्टँडर्ड टाइमच्या तेवढाच मागे. रेडिओ, पोस्ट, शाळा सगळीकडे स्टँडर्ड टाइम आला, पण ओटीवरच्या भिंतीवरचं घड्याळ मामंजींनी हलवू दिलं नव्हतं. त्यात नऊ वाजले की आम्ही नऊ एकोणचाळीस समजायचो. पाहुण्यांना वेळ सांगताना मामंजीही तेवढी मिनिटं मिळवूनच सांगत. माझ्या नोंदींतही मिळवत असतील असं मी धरून चालले. सासऱ्यांना काय विचारायचं, म्हणून विचारलं मात्र नाही. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मामंजी अडकित्त्याने सुपारी कातरत बसले होते.

"मामंजी, नोंदींत वेळ कुठची लिहिलीत?"

"खरी लिहिली. दुसरी कुठची?"

"मुंबई टाइम?"

"अगो, पाहुण्यांना मी तुमचा तो दिल्लीचा टाइम सांगतो, कारण त्यांना लाँच गाठायची असते. ग्रहाला कुठे लाँच गाठायचीय? आकाशातल्या कामात खोटी वेळ लिहू होय?"

मला इतकं हसू आलं की खांबाला धरून बसले. त्यांचा चेहरा मात्र उतरला.

"म्हणजे तुझं काम मी नासवलं?"

"नाही हो! थांबा, दाखवते."

त्यांच्यासमोरच प्रत्येक नोंदीत एकोणचाळीस मिनिटं मिळवली आणि खुणा नव्याने मांडल्या. पहिली रेषेवर बसली. दुसरी बसली. नववी बसली तेव्हा मी भरदुपारी "आला!" म्हणून ओरडले. शेजारीण कुंपणापाशी येऊन कोण आलं म्हणून विचारू लागली. तिला काय सांगणार? वारा आला होता! दिघीहून मुंबईला लाँच अर्धा दिवस घेई. त्या वाऱ्याने अर्ध्या तासाच्या आत नेऊन सोडलं असतं. आणि तो मी मोजला होता, सुपारीच्या खळ्यात बसून.

आलेख आणि खुलासा त्याच दिवशी पोस्टात टाकला. शेवटी एक ओळ लिहिली : "घरकामाच्या गडबडीत उत्तराला दोन दिवस लागले, क्षमस्व." हे असते तर ती ओळ खोडायला लावली असती.

उलटटपाली उत्तर आलं. नोंदी संपूर्ण स्वीकारल्या होत्या. या ठिपक्याच्या इतक्या सलग वेळा यंदा दुसऱ्या कोणाकडूनही आलेल्या नाहीत, पुढच्या वर्षीही पाठवाव्यात, असं लिहिलं होतं. घरकामाबद्दल अक्षर नव्हतं. मी ते पत्र मामंजींना मोठ्याने दोनदा वाचून दाखवलं.

मामंजी उठले. स्टूल ओढलं, वर चढले, घड्याळाची काच उघडली आणि बोटाने मोठा काटा एकोणचाळीस मिनिटं पुढे सरकवला.

"मामंजी, हे काय?"

"सरकारचं ऐकलं नाही मी," ते जपून खाली उतरत म्हणाले. "पण तुझं काम अडायला नको. आता तू ओरड, मी लिहितो."