चादरीवर उतरलेलं रॉकेट

लग्नानंतर पुण्याहून इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकला आले, त्यानंतरचा तो माझा पहिला उन्हाळा. नवरा सकाळी बिझनेस पार्कमधल्या ऑफिसला गेला की संध्याकाळपर्यंत घरात मी एकटी. इंग्रजी येत होतं, पण दुकानात बिलाच्या काउंटरवरच्या मुलीने काही विचारलं की मी नुसतं हसून पैसे पुढे करायची.

एकदा मागच्या गार्डनमध्ये चादरी वाळत घालत होते. पलीकडून फुस्स असा आवाज आला आणि थोड्या वेळाने एक चमकती फीत हेलकावे खात चादरीवर येऊन अडकली. फितीच्या टोकाला कागदाचं रॉकेट, करंगळीएवढं. बूड काळवंडलेलं, अजून कोमट.

फेन्सवरून शेजारच्या बाई डोकावल्या. सत्तरीच्या असतील. तोवर आमचं बोलणं ‘मॉर्निंग’पुरतंच.

“सॉरी लव्ह! चादर जळली नाही ना?”

“नाही. पण हे तुम्ही केलंत?”

“हो! ये ना, दाखवते.”

त्यांच्या किचन टेबलावर मी रॉकेट करायला शिकले. पातळ कागद पेन्सिलीभोवती गुंडाळायचा, कडेला गोंद लावायचा, पेन्सिल अलगद ओढून काढायची. माझी नळी पेन्सिलीलाच चिकटून बसली. बाई पोटभर हसल्या. “माझ्याही किती पेन्सिली गेल्यात अशा!” पूर्वी त्या आणि त्यांचे मिस्टर मिळून रॉकेटं उडवायचे. ते गेल्यावर त्या एकट्याच उडवत होत्या.

वारा पडला त्या दिवशी आम्ही गावाबाहेरच्या मोकळ्या शेतात गेलो. माझं रॉकेट जुन्या मराठी कॅलेंडरच्या पानाचं होतं, पंखावर एकादशी आली होती. रॉकेटच्या बुडातली फटाक्याची दारू पेटवणारं बॅटरीचं बटण बाईंनी माझ्या हातात दिलं.

“तुझ्या भाषेत मोज. मोठ्याने!”

“तीन, दोन, एक!” मी ओरडले. या देशात इतक्या मोठ्याने मी पहिल्यांदाच बोलले होते. रॉकेट सुसाट गेलं आणि दिसेनासंच झालं. आम्ही दोघी गवतात गुडघे टेकून ते शोधत राहिलो. सापडलं नाही, पण तेवढ्या वेळात मी त्यांना माझ्या आईबद्दल, कॉलेजबद्दल, सगळं सांगून टाकलं.

पुढे त्या मला जवळच्या शाळेतल्या मुलांच्या रॉकेट क्लबमध्ये घेऊन गेल्या. “माझे हात आता थरथरतात. रॉकेटचे पंख ही मुलगी चिकटवेल,” असं त्यांनी शिक्षिकेला सांगितलं. मुलं प्रश्नांवर प्रश्न विचारायची, आणि मी उत्तरं देत सुटायची. त्याच शाळेत मग मला टीचिंग असिस्टंटची नोकरी लागली.

काही वर्षांनी बाई मुलीकडे कार्डिफला राहायला निघाल्या. सामान गाडीत चढलं. थँक यू फार तोकडं वाटलं, म्हणून मी वाकून नमस्कार करायला गेले. माझं काहीतरी पडलं असं वाटून त्याही वाकल्या, आणि आमची डोकी आपटली. नमस्काराचा अर्थ कपाळ चोळत चोळतच सांगितला. त्यांनी तो नीट ऐकून घेतला आणि मला घट्ट जवळ घेतलं.