गाड्यावरचा आळ

"सबर, बोस, सबर," असं म्हणत तो झारा कढईच्या काठावर आपटायचा आणि आम्ही भुकेले लोक गप्प व्हायचो. इतक्या स्वच्छ हाताचा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि त्याच्याच हाताला मी घाण ठरवलं. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सगळं हसत वाचताना सांगणारा कोण आहे ते तुमच्या लक्षात राहील.

तेलाचे दिवस होते. सौदीतल्या राबिघला रिफायनरीचं काम जोरात चाललं होतं. मी पाइपिंगचा फोरमन, मूळचा गुहागरकडचा. तो इंडोनेशियातला, जावा बेटावरचा. दिवसा आमच्याच साइटवर परांच्या बांधायचा आणि संध्याकाळी कॅम्पच्या फाटकाबाहेर, रस्त्याच्या कडेला खाण्याचा गाडा लावायचा. केबलच्या रिळाच्या फळ्या आणि सिमेंटच्या हातगाडीची चाकं, असा तो गाडा. परवाना वगैरे काही नव्हता. कॅम्पचा मॅनेजर डोळेझाक करायचा, कारण तोही भजी न्यायचा.

आमची भाषा म्हणजे मोडकी हिंदी, चिमूटभर अरबी आणि उरलेले हातवारे. इथे मी ती मराठीत देतो आहे. 'बोस' म्हणजे साहेब. त्याच्या लेखी फोरमनपासून संडास धुणाऱ्यापर्यंत सगळेच बोस.

गाड्यापुढे एक चादर टांगलेली असे. त्याच्या देशात रस्त्यावरच्या गाड्यांना असा पडदा असतोच, म्हणे. खाणाऱ्याच्या तोंडाकडे कुणी बघू नये म्हणून. चादरीवर त्यानं स्वतः लाल रंगात एक ऐटबाज कोंबडी काढली होती. गाड्यावर कोंबडी कधीच नसायची.

"अरे, कोंबडी कुठाय?"

"चादरीवर, बोस."

"मग खायला काय?"

"भजी. कोंबडी बघायची, भजी खायची."

रस्त्यावरून पडद्याखाली नुसते बूट दिसायचे. कोण जेवण चुकवून इथे आलाय ते आम्ही बुटांवरून ओळखायचो. मेसचा आचारीसुद्धा एकदा असाच सापडला होता.

गावाहून येताना त्यानं कपडे कमी करून एक दगडी ताटली आणली होती. आपल्या पाट्याची धाकटी बहीणच. तिच्यावर तो शेंगदाण्याची चटणी वाटायचा, प्रत्येकासाठी ताजी आणि वेगळी, आणि वाटण्याआधी विचारायचा, "मिरच्या किती?" आता हा प्रश्न मराठी माणसाला विचारायचा असतो का? माझ्या खोलीतला वाडकर छाती काढून ओरडायचा, "दहा!" तो वाडकरचा चेहरा नीट निरखायचा आणि दोनच टाकायचा.

"दहा म्हटलं मी!"

"बोसचं तोंड दहा म्हणतं. बोसचे डोळे दोन म्हणतात."

त्या दोनांनीच वाडकरच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं. आम्हाला तेवढीच करमणूक.

चव छान आहे म्हटलं तर तो नुसता मान हलवायचा. त्याला हवं असायचं ते दुसऱ्या दिवशी. परांचीवर लटकलेला असला तरी वरून हाक मारून विचारायचा, "बोस, पोट खुश?" खुश म्हटलं की खुलायचा. आपलं खाऊन कुणी कधी आजारी पडलं नाही, एवढाच त्या माणसाचा गर्व. पण तो भरपूर होता.

मग उन्हाळ्यात वाडकर रजेवरून परत आला. माझ्या बायकोनं त्याच्याबरोबर डबा पाठवला होता. लग्न होऊन महिन्याभरात मी इकडे आलो होतो, त्यामुळे तिच्या हातचा तो पहिलाच डबा. आत ओल्या नारळाच्या करंज्या. ओल्या नारळाच्या! मुंबईचं विमान, जेद्दाहला अडकलेली बॅग, मग राबिघपर्यंतची तापलेली बस. डबा उघडल्यावर आंबूस वास आला. मी स्वतःला सांगितलं, वेलची असेल. वाडकरला एकही न देता सगळ्या खाल्ल्या.

त्यानंतरचं वर्णन करत नाही. दवाखान्यात सलाइन लावलं. इजिप्तच्या डॉक्टरनं विचारलं, "बाहेर कुठे खाल्लंस?" शेजारी वाडकर उभा. हा गावी जाऊन साऱ्या वाडीला सांगणार, की वहिनींच्या करंज्यांनी नवरा आडवा पाडला. मी डोळे मिटले आणि म्हणालो, "गाड्यावर."

"खलास," मॅनेजर म्हणाला. "गाडा बंद."

गाडेवाला मला भेटायला आला तो डब्यात तांदळाची पेज घेऊन. आपल्यासारखीच, मीठ घातलेली पेज. पाजून झाल्यावर हळूच विचारलं, "बोस, माझं काय खराब होतं? तेल? पाणी?"

मी म्हणालो, "माहीत नाही."

बायकोला कळवलं, करंज्या फार छान झाल्या होत्या.

रमजान आला. रोजा सोडताना त्याची भजी हवीत म्हणून त्याचे गाववाले त्याच्या मागे लागले. निदान खोलीत तरी तळ, म्हणाले. तो तळेना. "नको. आधी कळू दे काय खराब होतं." त्यानं शेंगदाण्याचं पोतं ओतून दिलं होतं, कढई वाळूनं घासून पांढरी केली होती. साइटवर मला बघून हात करायचा, पण पोट खुश का ते आता कुणालाच विचारत नव्हता. मी फोरमन असूनही त्याच्या परांचीखालून जाणं टाळायचो. मान वर केली तर त्याच्या डोळ्यांना डोळे द्यावे लागतील, ही भीती.

ईदच्या सकाळी आमचं दार वाजलं. दारात तो, धुतलेली लुंगी, काळी टोपी. त्याच्या मुलखात ईदला लहानथोर सगळे एकमेकांची माफी मागतात. वर्षभरात कळत नकळत जे झालं असेल त्याची. खोल्याखोल्यांतून फिरत तो आमच्यापर्यंत आला होता. त्यानं माझा हात दोन्ही हातांत धरला.

"बोस, माफ करा. माझ्या खाण्यानं तुम्ही आजारी पडलात."

मला बसवेना, उभं राहवेना. वाडकर चहा पीत बघत होता. मी म्हणालो, "तुझं खाणं नव्हतं रे. माझ्या बायकोच्या करंज्या होत्या."

"वहिनींच्या?" वाडकरच्या नाकातून चहा आला. "अरे चोरा, बरं झालं मला एक दिली नाहीस!"

तो हसला नाही. त्याला करंजी म्हणजे काय ते हातांनी समजावलं. ओला नारळ म्हटल्यावर मात्र त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. तोही नारळाच्याच मुलखातला.

"ओला? एवढ्या उन्हातून?"

"हो."

मग त्यानं एकेक शब्द सावकाश उच्चारत विचारलं, "माझं तेल चांगलं होतं?"

"चांगलं होतं."

"पाणी?"

"पाणीही."

"शेंगदाणे?"

"शेंगदाणे, कढई, तुझे हात, सगळं चांगलं होतं. बायकोची लाज झाकायला मी तुझं नाव घेतलं. आता मॅनेजरकडे जाऊ. तिथे, तुझ्यासमोर, हेच सांगतो. मी खोटं बोललो. मला माफ कर."