माउंट किराचा उतार

ऑस्ट्रेलियातल्या वॉलॉंगॉंग शहरातल्या हॉस्पिटलात एक्स-रे काढणारी कौमुदी सायकल शिकली ती थेट बेचाळिसाव्या वर्षी. त्या रविवारी शहरामागच्या माउंट किरा डोंगराचा चढ तिने धापा टाकत का होईना, पण पार केला. उतारावर मात्र तिची गाळण उडाली. पहिल्याच वळणावर ओल्या पानांवरून मागचं चाक सरकलं आणि दरीकडचा कठडा हातभर अंतरावर आला.

"ब्रेक आवळून धरू नकोस, हळूहळू सोड!" मागून मैत्रीण लीना ओरडली.

कौमुदी सायकल थांबवून खाली उतरली आणि सायकल हाताने ढकलत चालू लागली. एखादी गाडी आली की ती अंग चोरून उभी राहायची.

पायथ्याशी लीनाने विचारलं, "आता परत नाही ना यायचीस?"

"येणार," कौमुदी म्हणाली. "पण उतार चालतच उतरणार."