आम्ही घरं दाखवायचो

आमची कंपनी चार वर्षं चालली आणि बंद पडली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. पण आम्ही जुनी तिघं कुठं भेटलो की कुणीतरी 'ते आठवतंय काय?' म्हणतं आणि समोरचा चहा निवतो. विकलेली घरं आता फारशी आठवत नाहीत. ती बघायला आलेली माणसं मात्र डोक्यातून जात नाहीत.

कंपनी म्हणजे राजारामपुरीत झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. घरोघरी इंटरनेट यायच्या आधीचा काळ. अभिजित पुण्यातली कॉम्प्युटरची नोकरी सोडून आला होता. कोल्हापुरातली विकाऊ घरं वेबसाइटवर दाखवायची, ही त्याची आयडिया. एजंट दोनच. एक मी आणि दुसरे शिवाजी पेठेतले बापू, ज्यांनी पंधरा वर्षं वेबसाइटशिवाय घरं विकली होती.

*

पेपरात जाहिरात दिली, 'आमची वेबसाइट पाहा.' त्याच रविवारी गारगोटीहून एक जीप आली. काका, काकू, दोन सुना, जावई आणि जेवणाचे डबे. काका म्हणाले, साइट बघायला आलोय. अभिजित खूश. सगळ्यांना खुर्च्या दिल्या, कॉम्प्युटर लावला. एकेक फोटो उघडायला दोन-दोन मिनिटं लागायची. काका अर्धा तास शांतपणे बघत बसले. मग उठून चपला घालत म्हणाले, "फोटो झाले बघून. आता चला साइटवर."

अभिजितनं वेबसाइट म्हणजे काय ते पहिल्यापासून समजावून सांगितलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "व्हय, पण तितं जायला रस्ता हाय का न्हाय?"

*

आमच्याकडं बायकाही बोलताना 'मी येतो, मी जातो' म्हणतात. लिहिताना मी सांभाळते, फोनवर राहून जातं. पुण्याहून बदली होऊन आलेल्या एका बाईंना मी फोनवर सांगितलं, "मी गेटपाशी थांबतो, तुम्ही या."

बाई आल्या. मी स्कूटीला टेकून उभी होते, त्या माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, कुणाची तरी वाट बघतायत. बघत होत्याच. पंधरा मिनिटांनी त्यांनी मला विचारलं, "अहो, इथे एक एजंट येणार होते, पाहिलेत का? आवाज जरा नाजूक आहे त्यांचा."

फ्लॅट त्यांनी घेतला. अजून दिवाळीला फोन करतात आणि 'काय साहेब' म्हणतात.

*

अभिजितनं डिजिटल कॅमेरा आणला आणि बापूंना सांगितलं, घराच्या प्रत्येक खोलीचा फोटो हवा. बापूंनी पहिल्याच फ्लॅटचे बारा फोटो आणले. प्रत्येक फोटोत घरातली माणसं ओळीनं उभी. हॉलमध्ये पाच जण, किचनमध्ये तेच पाच जण, बाथरूमच्या दारात एकटे आजोबा. अभिजितनं कपाळाला हात लावला. बापू म्हणाले, "मोकळं घर कोण बघंल? माणसं कशी हायत ते कळाय नको?"

दुसरे फोटो नव्हते, म्हणून तेच लावले. पंधरवड्यानं इचलकरंजीहून फोन आला. किचनच्या ओट्याजवळ उभी असलेली मुलगी लग्नाची आहे का, असं विचारत होते. आम्ही फक्त घरं दाखवतो, असं सांगून अभिजितनं फोन ठेवला. बापू त्या मुलीच्या घरी गेले, तिला आणि तिच्या वडिलांना विचारून आले आणि तो नंबर परत लावला.

फ्लॅट काही विकला गेला नाही. लग्न मात्र थाटात झालं. आमच्या वेबसाइटवरून जमलेला तो पहिला व्यवहार.

*

पेठेतले आप्पा म्हणजे बापूंच्या ओळखीचे एक म्हातारे मिस्त्री. बायको गेलेली, गुडघे दुखायचे, जिना चढवेना. मुलगा परगावी. त्याचा आग्रह होता की लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये फ्लॅट घ्या. आम्ही दाखवला. आप्पांनी नळ सोडून बघितले, भिंती ठोकून बघितल्या. मग गॅलरीत जाऊन जोरात हाक मारली, "कोण हाय काय?"

एकही दार उघडलं नाही. आप्पा परत फिरले. "हितं हाकंला ओ देणारं कोण न्हाय. पडलो बिडलो तर काय लिफ्टला सांगू?"

मला हसू आलं. बापूंना नाही आलं. दुसऱ्या दिवशी ते त्या बिल्डिंगमध्ये घरोघर फिरले. एक म्हातारा माणूस यायचा आहे, त्यानं हाक मारली तर फक्त बाहेर या, एवढंच सांगितलं. रविवारी आप्पांना परत नेलं. त्यांनी हाक मारली आणि अकरा गॅलऱ्यांत माणसं आली. एक बाई तर पाण्याचा तांब्या घेऊन धावत वर आली.

एवढी माणसं बघून आप्पा गोंधळले. मग हळूच म्हणाले, "काय न्हाय. मी नवीन आलोय."

*

देसाई काका रिटायर्ड कंपाउंडर. ते आणि काकू भाड्याच्या घरात राहायचे आणि सहा महिने दर शनिवारी आमच्याबरोबर घरं बघायचे. प्रत्येक घराला 'चांगलं हाय' म्हणायचे आणि नको म्हणायचे. अभिजित म्हणाला, यांचा वेळ जात नाही म्हणून येतात.

एका बुधवारी कळंब्याकडचं दोन खोल्यांचं कौलारू घर आमच्याकडं आलं. मी फोन करून पत्ता सांगितला. काकूंनी पत्ता परत एकदा विचारून घेतला. मग म्हणाल्या, "आत्ताच येतो आम्ही."

ते घर त्यांनी घेतलं. न्हाणी बघितली नाही, कौलं बघितली नाहीत, पाणी किती वेळ येतं तेही विचारलं नाही. पण मला आठवतं ते वेगळंच.

मी कुलूप काढलं आणि कागदावरची माहिती वाचायला लागले. काकू पुढं होऊन सरळ स्वयंपाकघरात गेल्या. जाताना दारात किंचित वाकल्या. त्यांच्या मागून काकाही वाकून गेले. मी वाचत वाचत ताठ गेले आणि चौकट माझ्या कपाळात बसली.

काकू लगबगीनं मागं आल्या. पदराचा बोळा करून त्यावर फुंकर घातली आणि माझ्या कपाळावर दाबून धरला.

"लागली व्हय गं? लागतीच ती. आमची सुमी उंच झाली त्या वर्षी तिला रोज लागायची."