दोसितेची रेघ

समुद्रकाठच्या खाजणात कुंपण टिकत नाही, भरती घेऊन जाते. म्हणून जुलैत गवत कापण्याआधी कोणाचा वाटा कुठे संपतो, हे दोसिते गोदे ठरवायचा. बांधावरच्या दगडावर उभं राहायचं, फिदेलच्या कोठाराच्या डाव्या कोपऱ्यावर नजर धरायची आणि त्या रेघेत खुंट्या ठोकत निघायचं. बावीस वर्षं कोणी हरकत घेतली नव्हती.

यंदा रेघ सरळ विधवा ओबेलिनच्या गवतातून गेली.

"दोसितेकाका, माझं अर्धं गवत शेजाऱ्याच्या गाईंना वाढलंत की हो!" ओबेलिन म्हणाली. "माझ्या दोन गाई काय हवा खाणार?"

तो परत दगडावर चढला. रेघ तिथेच. तिसऱ्यांदाही तिथेच. बघणारे गप्प झाले, आणि ते गप्प होणंच त्याला जास्त लागलं. त्याचे वडील शेवटी शेवटी, कधीच विकून टाकलेल्या गाई आणायला संध्याकाळी खाजणात जायचे. तेव्हाही लोक असेच गप्प व्हायचे.

घरी न जाता तो फिदेलच्या कोठाराकडे गेला आणि तो डावा कोपरा हाताने चाचपला. लाकूड जुनंच होतं. खालचे दगड मात्र नवे, मातीही न बसलेले.

"काय शोधतोस?" फिदेलने विचारलं.

"हे... इथेच होतं ना रे?"

"वेडा की काय! फेब्रुवारीत कोठार बर्फावरून वर सरकवलं. तीस जोड्या बैल लावले. तुझ्या झेलिकानेच सगळ्यांना कोंबडीचा रस्सा वाढला!"

फेब्रुवारीत दोसिते जंगलात लाकूडतोडीला होता, एप्रिलमध्ये परतला. संध्याकाळी त्याने बायकोला विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

"अख्खं कोठार डोळ्यांसमोर उभं आहे, त्यात सांगायचं काय?"

दुसऱ्या दिवशी कोठाराच्या जुन्या जोत्याच्या कोपऱ्यावर ओबेलिन खुणेसाठी ॲप्रन उंच धरून उभी राहिली. दोसितेने बांधावरून रेघ धरली. ती नेमकी ओबेलिनच्या जुन्या हद्दीवर पडली.

"मिळालं हो माझं गवत!" ती लांबून ओरडली. "आता हात खाली करू का?"

दोसितेची नजर कोठाराच्या नव्या जागेकडे गेली. एप्रिलपासून दर रविवारी तो त्याच कोठारावरून चर्चला जात होता, जाताना आणि येतानाही, आणि ते हललंय हे एकदाही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

"अजून थोडा वेळ धर," तो म्हणाला, आणि पुन्हा एकदा बघू लागला.