वास येणारं पाणी

ये गं पोरी, जवळ बस. आल्या आल्या जायची घाई कसली?

प्लेगनंतर, आम्ही तिकडं गुजरातेत लिंबायतला राहायचो तेव्हा, आमच्या नळावर पालिकेची एक गुजराती बाई रोज यायची. काचेच्या नळीत पाणी घेऊन त्यात कसलेसे थेंब टाकायची. पाणी पिवळं झालं म्हणजे त्यात जंतू मारायचं औषध आहे. ते होईपर्यंत ती पदराचं टोक पिळत राहायची. आम्ही खान्देशी बाया मात्र औषधाच्या वासाला नाक मुरडून हातपंपाचं गोड पाणी भरायचो.

माझी धाकटी जुलाबांनी गळून गेली, तेव्हा त्या बाईनं आमचा हंडा तपासला. रंग आलाच नाही.

"मासी, पाण्याला वास येतो तोवरच मला झोप लागते," ती म्हणाली आणि हंडा स्वतः मोरीत ओतला.

पोरगी वाचली. आता पाण्याला वास आला नाही, की मीच हंडा मोरीत ओतते. लवकर ये गं पुन्हा, लेकरांना घेऊन.