येळवशीची हाक

आज सुनेनं अंबिलीचं मडकं उघडलं आणि त्या आंबूस वासानं मला थेट निजामाच्या मुलखातल्या मेहकरच्या आमच्या रानात नेलं.

येळवस म्हणजे मार्गशीर्षातल्या अवसेचं रानातलं जेवण. वाटेनं जाणाऱ्या प्रत्येकाला जेवायला हाक मारायची, ते काम माझं. पहिली हाक शेजारच्या रानातल्या महेबूबचाचांना.

निजामाचं राज्य गेलं त्या साली चाचा नेहमीसारखे बांधावर थांबले. मी तोंड उघडलं, तसे माझे वडील, अप्पा, म्हणाले, "त्याला कामून बोलवायलीस? गप बस."

चाचांनी ऐकलं. "खाव बेटी, खाव," म्हणाले आणि निघून गेले.

ऊन, हरभऱ्याचा वास, पालेभाज्या-शेंगदाण्यांची गरम भज्जी, सगळं दरवर्षीसारखंच होतं. खोटं कशाला सांगू, मी पोटभर जेवले.